श्वानाचा रंग आणि जातीची लक्षणे

हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्याला जनावराची पारख शिकवावी लागत नाही. बाजारात उभी असलेली लाल कंधारी गाय तो दुरूनच ओळखतो. कारण सर्वांगावरचा एकसारखा गडद तांबडा रंग ही त्या जातीची खूणच होय. तोच शेतकरी देवणी जनावरापुढे उभा राहिला म्हणजे मात्र एकाच रंगाचा आग्रह धरीत नाही. पांढरे अंग व काळे तोंड असलेले वानेरा, पोटाच्या खालच्या बाजूस काळे ठिपके असलेले बालंक्या आणि पांढऱ्या अंगावर वाटेल तशी काळी ठिगळे असलेले शेवेरा, हे तिन्ही प्रकार एकाच देवणी जातीचे आहेत, हे त्यास ठाऊक असते. म्हणजे एका जातीत रंग हे मुख्य लक्षण ठरते, तर दुसऱ्या जातीत अनेक रंग सुखाने एकत्र नांदतात.

हीच गोष्ट श्वानाच्या बाबतीत मात्र पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही. शेतातील आखाड्यावर राखणीसाठी किंवा मेंढ्यांच्या कळपाबरोबर ठेवण्यासाठी पिलू आणावयाचे झाले, की प्रथम विचारला जातो तो रंग. न आवडत्या रंगाचे पिलू टाकून दिले जाते, आणि दुर्मीळ रंगाच्या पिलासाठी वाजवीपेक्षा अधिक पैसे मोजले जातात. या दोन्ही गोष्टींत नुकसान आहे. श्वानाचा रंग कसा ठरतो, जातीच्या मानकात त्याला किती स्थान असते आणि कोणत्या रंगापासून खरोखर सावध राहावे, याची माहिती ग्रामसेवकांना, पशुधन पर्यवेक्षकांना व शेतकऱ्यांना असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

जातीचे मानक म्हणजे काय?

श्वानांची जात ठरवून त्यांना प्रदर्शनात क्रमांक देण्याची आजची पद्धती इंग्लंडमध्ये सुरू झाली. न्यूकॅसल येथे 1859 मध्ये पॉइंटर व सेटर या शिकारी जातींचे प्रदर्शन भरले. पुढे 1873 मध्ये लंडन येथे केनेल क्लब स्थापन झाला व जातिवंत श्वानांची नोंदवही ठेवण्याचे काम पद्धतशीरपणे होऊ लागले. प्रत्येक जातीचा आदर्श नमुना कसा असावा याचे जे लेखी वर्णन करण्यात येते, त्यास त्या जातीचे मानक म्हणतात. डोके, डोळे, कान, दात, मान, छाती, पाठ, पाय, शेपूट, चाल, केस, रंग व स्वभाव यांचा त्यात क्रमाने विचार केलेला असतो.

मानकातील बहुतेक लक्षणांचे मूळ त्या श्वानाच्या कामात आहे. धावून शिकार गाठणाऱ्या श्वानाची छाती खोल असावी लागते, कारण हृदय व फुप्फुसे यांना तेथे जागा हवी. कळप हाकणाऱ्या श्वानाला दिवसभर न थकता चालता यावे म्हणून त्याची चाल मोकळी हवी. रंगाचे मात्र तसे नाही. काही ठिकाणी रंगाला कामाचा आधार आहे. अंधारात मेंढपाळाला आपला कुत्रा व लांडगा यांतला फरक चटकन कळावा म्हणून युरोपातील अनेक भागांत पांढरे राखणदार कुत्रे पाळले गेले. परंतु पुष्कळ जातींत अमुक रंग चालेल व तमुक चालणार नाही हा नियम केवळ आवडीने किंवा परंपरेने ठरलेला आहे. असा नियम प्रदर्शनाच्या मंडपात पाळावा लागतो. तो निसर्गाचा नियम नव्हे.

कारवानी श्वानाचे उदाहरण

आपल्या भागास जवळची अशी जात म्हणजे कारवानी. महाराष्ट्राच्या दक्षिण भागात, मराठवाड्यात व लगतच्या कर्नाटकात हे सडपातळ, वेगवान श्वान पिढ्यान्‌पिढ्या पाळले जात आहेत. व्यापारी तांड्यांबरोबर ते पश्चिमेकडील देशांतून आले व त्यावरूनच त्यांना कारवानी हे नाव पडले, असे मानले जाते. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ येथे घोरपडे संस्थानिकांनी या श्वानांची जोपासना केली, त्यामुळे तिकडे ते मुधोळ या नावाने प्रसिद्ध झाले. केनेल क्लब ऑफ इंडिया या संस्थेत हीच जात कॅराव्हान हाउंड या नावाने ओळखली जाते. भारतीय टपाल खात्याने 2005 मध्ये देशी श्वानांची जी तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ज्या मोजक्या देशी श्वानजातींची नोंद केली आहे, त्यांतही मुधोळ आहे. लाल कंधारी व देवणी या गोजातींची नोंद याच संस्थेत आहे.

या श्वानाचे मुख्य लक्षण म्हणजे त्याचा बांधा. डोके लांब व निमुळते असते. जबडा लांब व मजबूत असतो. कान लोंबते, डोळे मोठे व लंबगोल असतात. मान लांब, छाती खोल, पाठ लांब व पोट आत ओढलेले असते. शेपूट मुळाशी जाड असून शेवटी निमुळती होत जाते. खांद्याजवळची उंची साधारणपणे दोन ते अडीच फूट भरते. अंगावरचे केस आखूड व अंगालगत असतात. कान, शेपूट व पाय यांवर रेशमासारखे लांब केस असलेल्या प्रकारास पश्मी म्हणतात.

रंगाच्या बाबतीत मात्र ही जात देवणीसारखी आहे. बदामी, तांबूस, काळा, करडा असे विविध रंग तीत आढळतात. छातीवर व पायांवर पांढरी ठिगळेही असतात. तेव्हा केवळ बदामी रंगाचे पिलू तेवढे अस्सल कारवानी व काळे पिलू भेसळीचे, असे समजण्यास आधार नाही. उलट, रंग अगदी हवा तसा असून कान उभे, छाती उथळ व तोंड आखूड असेल, तर त्या श्वानात या जातीची लक्षणे नाहीत असेच म्हणावे लागेल. अधिक वेगाच्या हव्यासाने कारवानीत विलायती ग्रेहाउंडचे रक्त मिसळण्याचा प्रकारही होत असतो. अशी भेसळ रंगावरून कधीच ओळखू येत नाही. ती ओळखावयाची तर आईबापांची माहिती व बांध्याची बारकाईने पाहणी हाच मार्ग आहे.

रंग येतो कोठून?

श्वानाच्या अंगावर कितीही रंग दिसले, तरी ते मूळ दोनच रंगद्रव्यांपासून बनलेले असतात. एक काळे व दुसरे तांबूस-पिवळे. काळे रंगद्रव्य काही श्वानांत चॉकलेटी होते, काहींत फिके पडून राखाडी दिसते. तांबूस द्रव्य गडद असले तर श्वान तांबडा दिसतो, फिके असले तर बदामी किंवा सायीच्या रंगाचा. पांढरे ठिगळ म्हणजे मात्र निराळे रंगद्रव्य नव्हे. तेथे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी पोहोचलेल्याच नसतात.

हे सर्व ठरविणारी जनुके पिलाला जोडीने मिळतात. प्रत्येक जोडीतील एक आईकडून व एक बापाकडून. जोडीतील दोन जनुके भिन्न असली, तर पुष्कळदा एकाचाच प्रभाव दिसतो. त्यास प्रबळ म्हणतात. झाकून राहणाऱ्या दुसऱ्यास अप्रबळ म्हणतात. काळा रंग हा चॉकलेटी रंगावर प्रबळ आहे. म्हणून काळ्या दिसणाऱ्या कुत्र्याच्या अंगी चॉकलेटी रंगाचे जनुक गुप्तपणे असू शकते. असे कुत्रा व कुत्री एकत्र आले, तर त्यांच्या प्रत्येक पिलाच्या बाबतीत ते चॉकलेटी होण्याचा संभव चारांत एक असतो. आठ पिलांच्या वेतात सरासरीने सहा काळी व दोन चॉकलेटी पिले होतील. एखाद्या वेतात एकही चॉकलेटी होणार नाही, तर एखाद्या वेतात चार होतील. सरासरी हा अनेक वेतांचा हिशेब असतो.

दोन्ही आईबाप काळे आणि पिलू मात्र चॉकलेटी, असे झाले की मालक लगेच कुत्रीवर संशय घेतो व पिलू भेसळीचे ठरवितो. वरील हिशेब पाहता हा संशय नेहमीच खरा नसतो. तथापि एक गोष्ट खरी आहे. माजावर असलेली कुत्री एकाहून अधिक कुत्र्यांकडे गेली, तर एकाच वेतातील पिलांचे बाप वेगवेगळे असू शकतात. यास्तव जातिवंत पैदास करणाऱ्याने माजाचे सुमारे तीन आठवडे कुत्रीला बंदिस्त ठेवणे आवश्यक आहे. रंगावरून मागाहून तर्क करीत बसण्यापेक्षा आधी दाराला कडी घालणे सोपे आहे.

दडलेला रंग अनेक पिढ्यांनंतर कसा वर येतो, याचे जर्मन शेफर्ड जातीतील उदाहरण बोधप्रद आहे. या जातीच्या नोंदवहीत पहिला कुत्रा 1899 मध्ये नोंदला गेला. त्याचे नाव होरांड फॉन ग्राफ्राथ. त्याच्या आईचा बाप ग्राइफ हा पांढरा होता. म्हणजे जातीच्या मुळाशीच पांढरा रंग होता. पुढे मानकात पांढरा रंग अग्राह्य ठरविण्यात आला व पांढरी पिले पैदाशीतून काढली जाऊ लागली. तरीसुद्धा रंगीत आईबापांच्या पोटी पांढरी पिले जन्मत राहिली, कारण अप्रबळ जनुक रंगीत श्वानांच्या अंगी दडून होते. काही लोकांनी या पांढऱ्या पिलांचीच निराळी जोपासना केली. आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेने 2011 मध्ये त्यांना पांढरा स्विस मेंढपाळ श्वान या नावाने स्वतंत्र जात म्हणून पूर्ण मान्यता दिली. एका जातीत जो दोष, तोच दुसरीत जातीचे लक्षण ठरला. कुत्रा मात्र मुळात तोच होता.

रंगदोषाचे तीन प्रकार

रंगाविषयी निर्णय घेताना पुढील तीन प्रकार वेगवेगळे ओळखले पाहिजेत.

पहिला प्रकार केवळ प्रदर्शनातील दोषाचा. मानकात न बसणारे पांढरे ठिगळ किंवा काळ्याऐवजी चॉकलेटी नाक, यांमुळे प्रदर्शनात क्रमांक जाईल. परंतु श्वानाच्या आरोग्यात वा राखणीच्या कामात काडीचा फरक पडणार नाही. असे पिलू टाकून देणे ही निव्वळ हानी होय. ते आखाड्यावर उत्तम काम देईल.

दुसरा प्रकार भेसळीच्या सूचनेचा. एखाद्या जातीत कधीही न आढळणारा रंग अकस्मात दिसला, तर परक्या रक्ताची शंका घेणे योग्य ठरते. येथेही रंग ही सूचना आहे, पुरावा नव्हे. दोन पिढ्यांची माहिती घेऊन व बांधा पाहूनच मत बनवावे.

तिसरा प्रकार आरोग्याशी निगडित असलेल्या रंगांचा. खरी सावधगिरी हवी ती येथे. काही विलायती जातींत संगमरवरी दगडासारखा, फिक्या अंगावर गडद शिंतोडे असलेला रंग असतो. त्यास मर्ल म्हणतात. हे जनुक एकाच बाजूने आले, तर पिलू बहुधा धडधाकट असते. परंतु कुत्रा व कुत्री दोघेही मर्ल रंगाचे असतील, तर चारांतील एका पिलाला ते जनुक दोन्हीकडून मिळण्याचा संभव असतो. असे पिलू बहुतांशी पांढरे होते व बहिरेपणा किंवा डोळ्यांचे व्यंग घेऊन जन्मण्याचा धोका त्यास फार असतो. इंग्लंडचा केनेल क्लब अशा संकरातून झालेल्या पिलांची नोंदच करीत नाही. दुर्मीळ रंग म्हणून अधिक पैसे देऊन मर्लची जोडी घेणारा मनुष्य अपंग पिलांची पैदास विकत घेत असतो, हे त्यास कोणीतरी सांगणे जरूर आहे.

अति पांढऱ्या रंगाचाही बहिरेपणाशी संबंध आहे. रंगद्रव्याच्या पेशी केवळ कातडीतच नव्हे, तर आतील कानातही लागतात. तेथे त्या पोहोचल्या नाहीत, तर जन्मानंतर काही आठवड्यांतच ऐकू येणे बंद होते. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या डाल्मेशियन जातीत अमेरिकेत झालेल्या तपासणीत शंभरांतील सुमारे 30 श्वान एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे आढळले. याचा अर्थ प्रत्येक पांढरा कुत्रा बहिरा असतो असा नव्हे. गावातील कित्येक पांढरे कुत्रे चांगले ऐकतात. परंतु डोके व कान पूर्ण पांढरे असलेले पिलू घेताना त्याचे ऐकणे तपासून घ्यावे. शिवाय, नाक व पापण्या गुलाबी असलेल्या श्वानाला मराठवाड्यातील उन्हाळ्यात ऊन लागून कातडी भाजण्याचा त्रास होतो. त्यास सावलीची सोय हवी.

फिका राखाडी रंगही काही जातींत त्रासदायक ठरतो. डॉबरमनमधील राखाडी श्वानांचे केस पुष्कळदा वयाबरोबर गळू लागतात व कातडीचे विकार जडतात. हा रंगही अप्रबळ असून तो दुर्मीळ म्हणून महाग विकला जातो.

नखे, भोवरे व समजुती

बैल घेताना भोवरे पाहण्याची चाल आहे, तशीच कुत्रा घेताना नखे मोजण्याची आहे. वीस नखांचा कुत्रा शूर असतो, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक बहुतेक श्वानांच्या पुढच्या पायांना पाच-पाच व मागच्या पायांना चार-चार अशी एकूण 18 नखे असतात. मागच्या पायांना वरच्या बाजूस एकेक जादा नख आले, की संख्या 20 होते. ही आनुवंशिक गोष्ट असून तिचा शौर्याशी संबंध नाही. हे नख जमिनीला टेकत नसल्याने झिजत नाही. ते वेळोवेळी न कापल्यास वळून मांसात रुतते व जखम होते. नख मोजण्यापेक्षा नख कापण्याकडे लक्ष देणे अधिक हिताचे.

प्रदर्शनात काय पाहिले जाते?

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतोच. तेव्हा तेथील पशुप्रदर्शनात जनावरे व घोडे यांच्याबरोबर श्वानांनाही स्थान मिळावे, हे यथायोग्यच आहे. हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्यांना ही यात्रा जवळची आहे. तेथे जाणाऱ्याने केवळ विजेत्या श्वानाचा रंग पाहून परत येऊ नये. परीक्षक काय करतो ते पाहावे. तो दात उघडून जबड्याची ठेवण पाहतो, खांदे व बरगड्या हाताने चाचपतो, श्वानाला चालवून व पळवून त्याची चाल समोरून, मागून व बाजूने न्याहाळतो. परक्या माणसाचा हात लागला असता श्वान बिथरतो की शांत राहतो, हेही पाहिले जाते. रंगावर नजर जाते ती क्षणात. उरलेला वेळ हाडामांसाच्या परीक्षेत जातो. घरी पिलू निवडतानाही हाच क्रम ठेवावा.

शेतकऱ्यांसाठी व ग्रामसेवकांसाठी सूचना

1. पिलू घेण्यापूर्वी आईला प्रत्यक्ष पाहावे. शक्य असल्यास बापालाही पाहावे. त्यांचा बांधा, स्वभाव व कातडीचे आरोग्य यांवरून पिलाची कल्पना येते.

2. आठ आठवड्यांच्या आतील पिलू आणू नये. श्वान पैदास व विक्रीसंबंधीच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार अशा पिलांची विक्री करता येत नाही, व विक्रीसाठी पैदास करणाऱ्यास नोंदणी करावी लागते.

3. पिलाचे लक्ष दुसरीकडे असताना मागून टाळी वाजवावी. ते कान टवकारते किंवा वळून पाहते की नाही, हे एकेका पिलाला वेगळे काढून पाहावे. भावंडांच्या घोळक्यात बहिरे पिलूही इतरांबरोबर वळते. एका कानाने बहिरे असलेले पिलू या परीक्षेत सापडत नाही, हेही ध्यानात असावे.

4. हवा तो रंग टिकविण्यासाठी बाप व मुलगी किंवा भाऊ व बहीण यांचा संकर करू नये. अशा निकट पैदाशीने रंग पक्का होतो, पण त्याबरोबर दडलेली व्यंगेही पक्की होतात. देशी जातींची संख्या मुळातच थोडी असल्याने हा धोका अधिक आहे.

5. प्रत्येक वेताची वही ठेवावी. कुत्री कधी व कोणत्या कुत्र्याकडे नेली, किती पिले झाली, त्यांचे रंग कोणते, किती जगली व कोणती व्यंगे आढळली, हे लिहावे. गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा असल्याने तारखेवरून खात्री करता येते. दोन-तीन पिढ्यांची अशी वही ही कोणत्याही रंगापेक्षा जातीचा अधिक भरवशाचा पुरावा होय.

6. जंतनाशक औषध व लसी वेळेवर द्याव्यात. पिसाळरोगाची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देऊन पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित टोचावी. कातडी, कान वा डोळे यांविषयी शंका असल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. परभणी व उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत.

7. कारवानी हा मुळात शिकारी श्वान असला, तरी वन्य प्राण्यांवर त्यास सोडणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. त्याच्या वेगाचा उपयोग राखणीपुरता करावा आणि त्यास रोज मोकळे धावण्याची सोय द्यावी.

हळदीच्या व सोयाबीनच्या पिकात रात्री रानडुकरे शिरतात, तेव्हा आखाड्यावरचा कुत्रा काळा आहे की बदामी, हे अंधारात कोणी पाहात नाही. त्याने वेळेवर ऐकले का, उठून भुंकला का व त्याच्या पायांत दम आहे का, एवढेच त्या वेळी महत्त्वाचे ठरते. रंग डोळ्यांना प्रथम दिसतो. निवड करताना त्याचा विचार शेवटी करावा. जे पिलू रंगामुळे नाकारले जात असेल, त्याची आधी छाती, चाल व कान तपासून पाहावेत. गावातील एकही चांगले पिलू केवळ रंगापायी वाया जाऊ नये, एवढी दक्षता प्रत्येक ग्रामसेवकाने घेतली, तर आपल्या भागातील जातिवंत श्वान टिकून राहण्यास मोठेच साहाय्य होईल.